बोइंग की एअरबस? आधी 65 मीटरचं गणित बघा

प्रश्न असा आला आहे: "आम्ही कोल्हापुरातले सात-आठ विमानवेडे. निम्मे बोइंगचे, निम्मे एअरबसचे. बोइंगचं 777-9 भारी की एअरबसचं ए350-1000? ए380 एवढं मोठं असून बंद का पडलं? विमान वळवायला एअरबसची बाजूला असलेली छोटी साइडस्टिक चांगली की बोइंगचा समोरचा योक, म्हणजे स्टिअरिंगसारखा दांडा? आणि उजळाईवाडीत, म्हणजे आमच्या कोल्हापूर विमानतळावर, कधी मोठं विमान उतरेल का? आकड्यांसकट सांगा."

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की कोण कुठल्या पेठेचा हे आधी ठरलेलं असतं, खेळ नंतर. फुटबॉलला ते शोभतं. विमानांच्या बाबतीत मात्र कंपनीचं नाव घेऊन वाद सुरू केला की खरी मजा हातची जाते, कारण दोन्ही कंपन्यांचे अभियंते एकाच भिंतीला डोकं लावून बसलेले असतात. ती भिंत 65 मीटरची आहे.

विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत विमानांची वर्गवारी पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीवर होते. 24 ते 36 मीटर म्हणजे कोड सी, 36 ते 52 डी, 52 ते 65 ई आणि 65 ते 80 एफ. दोन टॅक्सीवेमधलं (विमान धावपट्टीपर्यंत नेणाऱ्या रस्त्यांमधलं) अंतर, पार्किंगच्या जागा, एअरोब्रिजची मांडणी सगळं या कोडवर बांधलेलं असतं. आता आकडे शेजारी ठेवा. 777-300 ईआर 64.8 मीटर, ए350 64.75 मीटर. छोट्या विमानांत ए320 निओ 35.8, 737 मॅक्स 35.9. सगळी आपापल्या रेषेच्या आत वीतभर अंतरावर थांबलेली आहेत. हा योगायोग नाही. पंख अजून लांब केला असता तर इंधन वाचलं असतं, हे दोघांनाही माहीत होतं. पण मग जगातल्या बहुतेक गेटवर विमान उभं करता आलं नसतं.

पंख लांब असला की काय होतं? पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकावरून वर पळते आणि भोवरे तयार होतात. त्या भोवऱ्यांची ऊर्जा इंधनातूनच जाते. या ओढीला इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. एका मीटर पंखावर किती वजन येतं, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात ती वाढते. म्हणून जास्तीत जास्त टेकऑफ वजनाला पंखाच्या लांबीने भागून बघा. 777-300 ईआर: 351.5 टन भागिले 64.8, म्हणजे मीटरला 5.4 टन. ए350-1000: सुमारे 322 टन भागिले 64.75, म्हणजे जवळपास 5 टन. 777-9: वजन तेच 351.5 टन, पण पंख 71.75 मीटर, म्हणजे 4.9 टन.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. एअरबसने 65 मीटरची रेषा मान्य केली आणि वजन उतरवलं. ए350 च्या सांगाड्यात वजनाने 53 टक्के कंपोझिट, म्हणजे कार्बनचे धागे राळेत बसवून केलेलं हलकं द्रव्य, आहे. बोइंगने वजन तेवढंच ठेवून रेषाच ओलांडली आणि जमिनीवर आल्यावर पंखांची टोकं वर दुमडायची सोय केली. प्रत्येक बाजूचं साधारण साडेतीन मीटर टोक वीसेक सेकंदांत दुमडलं जातं आणि विमान 64.85 मीटरचं होऊन कोड ई च्या गेटमध्ये बसतं. दोघेही निघाले वेगवेगळ्या वाटांनी आणि पोचले जवळपास त्याच आकड्यावर. 777-9 मध्ये आसनं जास्त, म्हणून भरलेल्या मार्गावर दर आसनी हिशेब त्याच्या बाजूने झुकू शकतो. ए350-1000 रिकामं असतानाही हलकं असल्यामुळे अर्धवट भरलेल्या हंगामात कमी दुखतं. शिवाय ए350-1000 आज उडतंय. 777-9 ने पहिलं उड्डाण 25 जानेवारी 2020 ला केलं, पण 2020 मध्ये ठरलेली पहिली डिलिव्हरी सरकत सरकत 2027 वर गेली आहे. विमान कंपनीला ताफ्याचं नियोजन करायचं असतं, त्यामुळे सात वर्षांचा उशीर हाही विमानाचा गुणधर्मच मोजावा लागतो.

ए380 चं दुखणं याच भागाकारात दिसतं. 575 टन भागिले 79.75, म्हणजे मीटरला 7.2 टन. त्याला 80 मीटरच्या चौकटीत बसवायचं होतं, म्हणून पंख लांबीने आखूड आणि रुंदीने अवाढव्य झाला. त्यात तो पंख पुढे येणाऱ्या आणखी लांब प्रवासी आवृत्तीचं आणि मालवाहू आवृत्तीचं वजन पेलेल असा आखला होता. त्या दोन्ही आवृत्त्या आल्याच नाहीत आणि ए380-800 आयुष्यभर मोठ्या भावाचा पंख वागवत राहिलं. रिकामं वजन सुमारे 277 टन. साधारण 500 आसनं धरली तर एका आसनामागे साडेपाचशे किलो सांगाडा. 777-300 ईआर चं रिकामं वजन सुमारे 168 टन, आसनं 350, म्हणजे आसनामागे 480 किलो. दुमजली विमान दर आसनी हलकं असायला हवं होतं, ते जड निघालं.

दुसरा फटका पोटातल्या मालाचा. 777-300 ईआर च्या पोटात एलडी3 जातीचे 44 कंटेनर बसतात, ए380 मध्ये 38. त्या 38 मधून पाचशे माणसांच्या बॅगा वजा करा. विकायला जागा कितीशी उरते? मोठ्या विमानांच्या कितीतरी मार्गांवर नफा पोटातला माल देतो, खिडकीतला प्रवासी नव्हे. तिसरा फटका वेळेचा. ए380 ऑक्टोबर 2007 मध्ये सेवेत आलं आणि चारच वर्षांत पुढच्या पिढीची इंजिनं बोइंगच्या 787 वर आली. चार जुन्या पिढीची इंजिनं विरुद्ध दोन नव्या पिढीची. 2019 च्या फेब्रुवारीत एअरबसने कार्यक्रम बंद करत असल्याचं जाहीर केलं, 2021 च्या डिसेंबरात शेवटचं विमान दिलं. एकूण 251. बोइंगवाल्यांनी यावर फार हसू नये. 747 ची 1574 विमानं झाली हे खरं, पण त्याचीही शेवटची प्रवासी आवृत्ती थोडीच खपली आणि जानेवारी 2023 ला गेलेलं शेवटचं 747 मालवाहूच होतं. चार इंजिनांचा काळ दोघांसाठी एकदमच संपला. त्याचं मोठं कारण म्हणजे दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावरून लांब जायची मिळालेली परवानगी. 1985 मध्ये जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर 120 मिनिटांपर्यंत दूर जाता येऊ लागलं, पुढे 180 मिनिटं झाली, 787 ला 330 मिनिटं मिळाली आणि ए350 ला 370. आता असा मार्ग क्वचितच उरतो की ज्याला चार इंजिनं लागतीलच.

आता माहितीपत्रकातला पल्ला कसा वाचायचा ते सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुकीचे वाद इथे होतात. 777-300 ईआर घ्या. टाकीत 1,81,283 लिटर इंधन मावतं. लिटरला 0.8 किलो धरा, 145 टन झालं. विमान 168 टन. बेरीज 313. टेकऑफ मर्यादा 351.5 टन, म्हणजे टाकी काठोकाठ भरली तर माणसं, बॅगा आणि माल मिळून 38 टनच. 350 माणसं बॅगांसकट शंभर किलोने 35 टन झाली. मालाला तीन-साडेतीन टन उरले. उलट बाजूने, इंधनाशिवायच्या वजनाची मर्यादा 237.7 टन आहे. तिथपर्यंत म्हणजे सुमारे 70 टन भार भरला, तर इंधनाला 114 टन उरतात. त्यातले सात-आठ टन राखीव सोडा, ताशी ढोबळ पावणेआठ टन धरा, साडेतेरा तासांच्या आसपास उडाल. भरपूर माल आणि भरपूर पल्ला एकत्र कधीच मिळत नाही. आणि 168 टन हा कंपनीचा आकडा आहे. विमान कंपनी आपली बिझनेस क्लासची आसनं, गॅली, ट्रॉल्या, पिण्याचं पाणी चढवते तेव्हा त्यात काही टनांची भर पडते. एक टन जास्तीचं वजन लांब उड्डाणात दर तासाला स्वतःच्या सुमारे तीन टक्के इंधन खातं. दहा तासांत तीनशे किलो. म्हणून दोन विमानांची तुलना करताना मार्ग, आसनमांडणी आणि माल या तीन गोष्टी एकसारख्या आहेत का, हे आधी विचारा. नसतील तर तो आकडा बाजूला ठेवा.

इंजिनाच्या भागात कोल्हापूरकरांना उपजत समज आहे, कारण शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जे रोज घडतं तेच इथे फार बारीक पातळीवर घडतं. टर्बाइनचं पातं निकेलच्या मिश्रधातूचं, मेणाचा साचा वितळवून केलेलं इन्व्हेस्टमेंट कास्टिंग असतं. त्याचा थंडावा असा सोडतात की अख्खं पातं धातूचा एकच स्फटिक बनतं. दोन कणांमधली सीमाच नसते, म्हणजे तडा धावायला वाटच नसते. त्याच्यावरून जाणारा वायू त्या धातूच्या वितळण्याच्या तापमानापेक्षाही गरम असतो. पातं टिकतं ते आतून सोडलेल्या हवेमुळे, पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांतून पसरणाऱ्या थंड हवेच्या पडद्यामुळे आणि वरच्या सिरॅमिक लेपामुळे. आता धुळीच्या प्रदेशातून उडालात तर त्या धुळीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिका वितळून पात्यावर काचेसारखं बसतं. फाउंड्रीवाल्याला सांगायचं तर स्लॅग चिकटतो. तो लेपात मुरतो, थंड झाल्यावर लेपाचे पापुद्रे सुटतात, छिद्रं बुजतात आणि पातं जळायला लागतं. आखाती देशांत आणि आपल्याकडे इंजिन लवकर का उतरवावं लागतं, ते यावरून कळेल. ए350-1000 च्या ट्रेंट एक्सडब्ल्यूबी-97 या रोल्स-रॉइसच्या इंजिनाबद्दल एमिरेट्सचे प्रमुख टिम क्लार्क यांनी 2023 च्या दुबई एअर शोमध्ये उघड नाराजी दाखवली ती याच टिकाऊपणाबद्दल. हा एअरबसच्या सांगाड्याचा दोष नव्हे, पण ए350 ला दुसऱ्या कंपनीचं इंजिन मिळतच नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला दोन्ही एकत्रच घ्यावी लागतात.

बोइंगची बाजूही याच तराजूत घाला. 787 वर रोल्स-रॉइसचं ट्रेंट 1000 किंवा जीईचं जीईएनएक्स यांतलं एक निवडता येतं. ट्रेंट 1000 च्या मधल्या टर्बाइनची पाती गंजून चिरत होती आणि कितीतरी 787 इंजिनांवाचून उभी राहिली. जीईएनएक्सवाली त्याच काळात उडत होती. विमान तेच, नशीब वेगळं. 777-9 ला फक्त जीई9एक्स मिळतं. त्याच्या पंख्याचा व्यास 3.4 मीटर, पाती 16. जुन्या जीई90-115बी ला 22 होती. पाती कमी आणि रुंद केली की पंखा हलका होतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये चाचण्या थांबल्या त्या मात्र इंजिनामुळे नव्हे. इंजिनाचा जोर सांगाड्यापर्यंत नेणाऱ्या थ्रस्ट लिंक नावाच्या दांड्याला तडे सापडले होते. आणि ए320 निओवरच्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांची गोष्ट तर फाउंड्रीच्या प्रत्येक मेटलर्जिस्टने वाचावी: धातूच्या भुकटीपासून केलेल्या डिस्कमध्ये परकं द्रव्य मिसळलं गेलं होतं. आपल्याकडे कास्टिंगमध्ये इन्क्लूजन सापडलं तर तो नग भट्टीत परत जातो. इथे त्या डिस्क आधीच जगभर उडत होत्या, म्हणून शेकडो विमानं जमिनीवर आणून तपासावी लागली.

"मेकर कोण चांगला" असं विचाराल तर दोघांची सगळ्यात महागडी चूक एकाच जातीची आहे: वेगवेगळ्या ठिकाणी बनवलेले भाग जोडणीच्या वेळी जुळले नाहीत. ए380 मध्ये सुमारे 530 किलोमीटर वायर आहे. हॅम्बुर्गचे अभियंते आरेखनाच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते, तुलूजचे नवी. वळणांच्या त्रिज्या जुळल्या नाहीत, वायरींचे जुडगे आखूड पडले आणि कार्यक्रम जवळपास दोन वर्षं मागे गेला. 787 चं धड कंपोझिटच्या अखंड नळकांड्यांचं आहे. दोन नळकांडी जोडताना उरणारी फट 0.005 इंचापेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागापेक्षा मोठी असेल तर शिम, म्हणजे फट भरणारी पातळ पट्टी, घालायची असते. ती काही ठिकाणी घातली गेली नव्हती. उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला विचारा, फिलर गेजच्या पाच थावची (इंचाच्या पाच हजारांशांची) किंमत तो सांगेल. फट राहिली की बोल्ट ताणताना भाग वाकतो आणि तो ताण आयुष्यभर आत बसतो. धातू थोडा ओढला जाऊन सामावून घेतो, कंपोझिट घेत नाही. 787 ची डिलिव्हरी यापायी वर्षभराहून जास्त अडली. ए350 चं धड अखंड नळकांडं नाही, सांगाड्यावर बसवलेल्या लांब पॅनेलचं आहे. सांधे जास्त, पण जुळवायला सोपं. मला विचाराल तर दुरुस्तीच्या दृष्टीने ही निवड जास्त शहाणी आहे.

बोइंगच्या बाजूने एक ठाम शब्द टाकायचा तर 787 च्या वीजयंत्रणेसाठी टाकेन. बाकीची विमानं केबिनची हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून उपसतात. 787 विजेच्या कॉम्प्रेसरने बाहेरची हवा घेतं. त्यासाठी प्रत्येक इंजिनावर 250 केव्हीएचे दोन जनरेटर आहेत. दाबून गरम केलेली हवा पुन्हा थंड करण्यातला अपव्यय वाचतो आणि पंखात गरम हवेचे पाइप लागत नाहीत. किंमतही मोजावी लागली: लिथियम बॅटऱ्या पेटल्यामुळे जानेवारी 2013 मध्ये जगातली सगळी 787 जमिनीवर आली. त्यानंतर बॅटरीला स्टीलची बंद पेटी आणि धूर थेट बाहेर नेणारा पाइप दिला गेला.

साइडस्टिक की योक, यावर थोडं सविस्तर बोलू. एअरबसमध्ये संगणक सर्वसाधारण स्थितीत मर्यादा मोडूच देत नाही: 67 अंशांच्या पुढे विमान कलत नाही, 2.5 जी च्या (गुरुत्वाच्या अडीच पटीच्या) वर ताण जात नाही, कितीही ओढलं तरी स्टॉल होत नाही, म्हणजे पंखांची उचल सुटत नाही. 777 मध्येही संगणकच मध्ये आहे, पण तो अडवत नाही, विरोध करतो. 35 अंशांच्या पुढे योक जड होतो. वैमानिकाने जोर लावला तर विमान ऐकतं. खरा फरक मला दुसरीकडे दिसतो. बोइंगचे दोन्ही योक जोडलेले आहेत, सहवैमानिक काय करतोय ते हाताला कळतं. एअरबसच्या दोन साइडस्टिक जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक बेरीज करतो आणि "ड्युअल इनपुट" असा आवाज देतो. एकाने प्रायॉरिटीचं बटण दाबलं की दुसऱ्याची बंद. 2009 मध्ये एअर फ्रान्स 447 च्या वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या बर्फाने बुजल्या, संगणक खालच्या पातळीवर गेला, स्टॉलपासूनचं संरक्षण सुटलं आणि एक वैमानिक स्टिक मागे ओढून धरतोय हे बाकीच्यांना वेळेत उमगलं नाही. ते विमान ए330 होतं. पण लगेच योकचा विजय जाहीर करू नका. 2013 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाच्या 777 चा थ्रॉटल ऑटोथ्रॉटलच्या (इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या) होल्ड स्थितीत मागेच राहिला, वेग घसरत गेला आणि हलणारे लिव्हर असूनही कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन्ही ठिकाणी गोची एकच: यंत्रणा आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे हे माणसाला कळलं नाही. म्हणून कॉकपिटचे व्हिडिओ बघताना हातांपेक्षा समोरच्या पडद्याच्या वरच्या पट्टीतले मोडचे शब्द वाचायची सवय लावा.

अपघातांवरून कंपनी मोजू नका, तपास अहवालावरून यंत्रणा मोजा. 737 मॅक्समध्ये विमानाचं नाक आपोआप खाली करणारी एमकॅस ही यंत्रणा एकाच सेन्सरवर विसंबून होती. दोन अपघातांत 346 माणसं गेली, तो रचनेचा आणि प्रमाणीकरणाचा दोष होता. अहमदाबादला जून 2025 मध्ये पडलेल्या 787 च्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने कटऑफला गेल्याची नोंद आहे. त्यापुढचं काहीही गृहीत धरून वादात वापरणं मृतांवर अन्याय आहे.

प्रवासी म्हणून बसायचं असेल तर आसनमांडणी बघा, कंपनी नंतर. 777 मध्ये एका रांगेत दहा आसनं असली की सीट सुमारे 17 इंचांची, ए350 मध्ये नऊ असली की पावणेअठराच्या आसपास. केबिनमधली हवा 787 आणि ए350 मध्ये 6000 फूट उंचीवर असते तेवढ्या दाबाची, जुन्या विमानांत 8000 पर्यंत. लांबच्या प्रवासात घसा आणि डोकं हा फरक ओळखतं. एअर इंडियाने 2023 मध्ये एअरबसची 250 आणि बोइंगची 220 विमानं एकाच दिवशी जाहीर केली, त्यात ए350, 787-9 आणि 777-9 तिन्ही होती. ज्याला पैसे मोजायचे आहेत तो असा विचार करतो.

राहिली उजळाईवाडी. धावपट्टी 1370 मीटरवरून 1930 मीटर झाली, नियोजन 2300 चं आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 2000 फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान 11 अंश. मे महिन्यात दुपारी 38 असतं. प्रत्येक जादा अंशाला 120 फूट धरले तर 27 अंशांचे 3240 फूट. म्हणजे विमानाला वाटतं आपण 5200 फुटांवर उभे आहोत: पंखाला हवा पातळ, इंजिनाला हवा पातळ. भरल्या वजनाच्या ए320 ला समुद्रसपाटीवर थंड हवेत साधारण 2000 मीटर लागतात, त्यामुळे 2300 मीटरवर मुंबई-दिल्लीच्या इंधनासह ते चालेल, पण भर उन्हात काही आसनं किंवा माल कमी करावा लागू शकतो. सकाळची वेळ मिळाली तर गणित सोपं होतं. 777-300 ईआर ला भरल्या वजनाने समुद्रसपाटीलाच 3000 मीटरच्या वर लागतात. नुसती लांबी असूनही भागत नाही: मुख्य 12 चाकांपैकी प्रत्येकावर 27 टन येतात. उसाच्या भरलेल्या दोन ट्रॉल्यांचं वजन एका चाकाखाली आलं असं समजा. तेवढं पेलणारा थर, 45 मीटर रुंदी, कोड ई चे टॅक्सीवे आणि 74 मीटर लांबीच्या विमानाला लागणारी नवव्या श्रेणीची अग्निशमन यंत्रणा हे सगळं लागेल. 777-9 तर 76 मीटरच्या पुढे जात असल्यामुळे दहाव्या श्रेणीत मोडतं, ए380 च्या पंगतीला. ए320 ची वाट बघा, ती रास्त आहे. मोठी विमानं बघायला मुंबईलाच जावं लागेल. तिथे कॉकपिटच्या खिडक्यांभोवती काळी पट्टी आणि वर वळलेली पंखांची टोकं दिसली तर बहुधा ए350, इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसले तर 787, आणि शेपटीचं टोक चपट्या पात्यासारखं असून प्रत्येक मुख्य पायाला सहा चाकं असतील तर 777.